आधीचं आयुष्य काही वाईट नव्हतं, मग तारणाबद्दल कृतज्ञता वाटणार कशी?

तुम्ही विचारलंय की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक साक्ष देतात, देवाने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगतात, तेव्हा कुणाची दारू सुटलेली असते, कुणी जुगारातून बाहेर आलेला असतो, तुमचं मात्र पहिल्यापासून सगळं सरळच होतं, मग तारणाबद्दल, म्हणजे ख्रिस्ताने पापातून सोडवल्याबद्दल, मन भरून येत नाही, यात तुमचं काही कमी पडतंय का. प्रश्न इतका ओळखीचा वाटला की लिहायलाच बसले.

मी वडोदऱ्याची, जन्मानेच ख्रिस्ती. आजोबा नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीसाठी आले ते इकडचेच झाले, त्यामुळे आमच्याकडे चर्चमधली उपासना गुजरातीत आणि घरातली प्रार्थना मराठीत, अजूनही तसंच आहे. संडे स्कूल, दृढीकरण, गायन मंडळ, नाताळात फतेहगंजला घरोघरी कॅरल, सगळं केलं आणि आवडीने केलं. तुझं तारण झालंय का असं कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, अहो मी चर्चमध्येच वाढलेय.

आत काय चाललं होतं ते सांगते. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्या जाऊबाईंनी ठेवून घेतल्या आणि तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. रावपुऱ्यात समोरून आल्या तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जायची. आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या बलिदानाच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घ्यायची, हातात भाकर आणि डोक्यात पाटल्या. त्याचं काही वाटायचंही नाही, उलट वाटायचं की मी कुणाचा एक पैसा खाल्लेला नाही, माझंच बरोबर आहे. रात्री मात्र मरणाची भयंकर भीती वाटायची, मग अंथरुणात पडून आपण काय काय चांगलं केलं ते आठवत राहायचं, आणि ते कधी पुरलं असं व्हायचं नाही. ही भीती मी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

एकदा घरगुती प्रार्थनेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय निघाला. शिमोन नावाच्या परुश्याच्या, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाच्या, घरी येशू जेवायला बसलाय, गावातली पापी म्हणून ओळखली जाणारी एक बाई येऊन रडत आसवांनी त्याचे पाय भिजवते, शिमोनाला ते रुचत नाही, तेव्हा येशू दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकाचं देणं 500 दीनार, दुसऱ्याचं 50, आणि सावकार दोघांनाही माफ करतो. दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे 50वाल्याचं देणंही काही किरकोळ नव्हतं, जवळजवळ दोन महिन्यांची कमाई होती. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण पाळकसाहेब त्या दिवशी एवढंच म्हणाले की फेडायला दोघांकडेही काही नव्हतं, ते वचन परत वाचा. वाचलं तर खरंच, दोघांकडेही नाही! मी जन्मभर 500वाल्याकडे बघून स्वतःला सावकार समजत आले होते. शिमोन तरी कुठे वाईट होता, त्याने येशूला घरी बोलावलं, फक्त पाय धुवायला पाणी द्यायचं त्याला सुचलं नाही, कारण आपल्यालाही काही माफ व्हायचंय हे त्याच्या गावीच नव्हतं. त्या बाईला ते माहीत होतं, म्हणून ती रडली.

प्रेषित पौलाचं बघा. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात तो म्हणतो नियमशास्त्राच्या दृष्टीने मी निर्दोष होतो. मंडळीचा छळ केला तेही त्याच यादीत सांगतो, म्हणजे तो छळसुद्धा त्याला तेव्हा देवाची सेवाच वाटत होती. मग ते सगळं त्याने ख्रिस्तापुढे केरकचरा मानलं. आणि आपल्या पंडिता रमाबाई, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, पण ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे आपल्याला सुमारे आठ वर्षांनी कळलं असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढी विद्वान बाई! हे वाचलं तेव्हा मला केवढा धीर आला.

आता मागचं आठवलं की वाटतं, मी अशीच गाणी म्हणत, रविवारी स्वच्छ साडी नेसून, तशीच मेले असते आणि मला कळलंही नसतं. मला शोधून काढलं त्याने, मी तर हरवलेय हेच मानत नव्हते. या एका गोष्टीसाठी मी रोज प्रभूचे आभार मानते आणि मानताना अजून डोळे भरतात. रात्रीची ती भीती गेली. पाटल्या जाऊबाईंकडेच आहेत, त्यांच्या मुलीच्या लग्नात तिच्या हातात चढेनात तेव्हा साबणाचं पाणी लावून मीच चढवल्या.

तेव्हा दारू-जुगाराची साक्ष आपल्याकडे नाही म्हणून खंत करू नका हो. तुम्ही कशाला घाबरत होता, कुणाला आपल्यापेक्षा हलकं समजत होता, एवढं प्रार्थनेत त्याला विचारा, तो दाखवतो. आणि लूक 7, वचन 36 ते 50, आज रात्रीच घरच्यांना घेऊन मोठ्याने वाचा, आधी शिमोनाच्या जागी बसून, मग त्या बाईच्या.