असिस्टंट कोच व्हायचंय? मग आधी हे ऐक

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बहुतेकांची सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच होते. मास्टर्सची फी माफ, वर थोडं मानधन, आणि त्या बदल्यात रात्र-रात्र बसून प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ बघायचे. या कामाला कंटाळू नकोस. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात यार्ड बाकी असताना समोरचा संघ काय खेळतो, हे न अडखळता सांगणारा पोरगा हेड कोचच्या बरोब्बर लक्षात राहतो.

पुढे पोझिशन कोच, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंचा कोच, मग को-ऑर्डिनेटर, म्हणजे संपूर्ण आक्रमण किंवा बचाव सांभाळणारा. पण वाट इतकी सरळ नसते. कोच डॅबो स्विनी यांचंच बघ. 1993 मध्ये ते अलाबामा विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट झाले, पुढे तिथेच कोच. हेड कोच बदलला आणि त्यांचीही नोकरी गेली. मग काही काळ रिअल इस्टेट. 2003 मध्ये क्लेमसन विद्यापीठात वाइड रिसीव्हर्सचे (पास झेलणाऱ्या खेळाडूंचे) कोच, 2008 च्या हंगामात अचानक तात्पुरते हेड कोच. ऑफेन्सचे (आक्रमणाचे) को-ऑर्डिनेटर ते कधी नव्हतेच! तेव्हा हेड कोचबरोबर आपलंही बिऱ्हाड हलतं, हे घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांग.

हेड कोच झालास तरच जिंकलास, असंही मानू नकोस. कोच बड फॉस्टर व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 1987 पासून 2019 पर्यंत असिस्टंटच राहिले. 2006 ची ब्रॉयल्स ट्रॉफी, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटचा मान, त्यांचाच. मला तरी हे करिअर फार मोठं वाटतं.

आणि रिक्रूटिंग, म्हणजे चांगले खेळाडू आपल्या कॉलेजात आणणं, शिक. खेळाडूच्या आईशी नीट बोलता आलं पाहिजे. जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, तिथे जा, ओळखी कर.