मोंटानात दुष्काळ आणि वणव्याचा धोका असताना रँचवाल्याकडे शिकारीची परवानगी कशी मागावी?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: नोकरीसाठी अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बोझमनला आलात, एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहात, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, यंदा म्यूल डिअर (इथली हरणांची एक जात) मारायचं आहे. मसलशेल नदीच्या बाजूला एक रँच (गुरं पाळायचं मोठं रान) नकाशावर हेरून ठेवलाय. पण पाऊस नाही, रान वाळून खडखडीत झालंय आणि ऑफिसातला एक जण म्हणतो, "या वर्षी कुणाच्या दारात जाऊच नकोस." तर विचारावं का, आणि विचारायचं तर कसं?

विचारा. फक्त एरवी लोक जेवढी परवानगी मागतात तेवढी मागू नका, तिच्यापेक्षा बरीच लहान मागा.

मी बरीच वर्षं बिलिंग्जला राहतो आणि पूर्वेकडच्या दोन-तीन रँचवर मला जाऊ देतात. मूळचा माण तालुक्यातला, त्यामुळे दुष्काळातला शेतकरी काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो हे थोडंफार कळतं. (देशातल्या वाचकांसाठी: आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. इथे परवाना, टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची चिठ्ठी) आणि ठरलेला हंगाम अशा चौकटीत ती चालते. ते बरोबर की चूक हा वाद या उत्तरात नको.)

आधी कायदा, कारण तो थोडक्यात संपतो. मोंटानात खासगी जमिनीवर शिकार करायची तर मालकाची, जमीन खंडानं कसणाऱ्याची किंवा त्यांच्या माणसाची परवानगी लागतेच, पाटी लावलेली असो वा नसो. कुंपणाच्या खांबावर नारिंगी रंगाचा पट्टा दिसला तर तो 'आत येऊ नका' असा जाहीर इशारा समजायचा. परवानगी लेखीच हवी असं नाही, पण मी दरवेळी चिठ्ठी घेतो. कोरडं वर्ष असेल तर नक्कीच. का ते पुढे येईल.

आता त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते बघा. तुम्ही हरीण मारलंत काय आणि न मारलंत काय, त्याला फारसा फरक पडत नाही. उलट दुष्काळात हरणं आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण) त्याच्या पाण्यावरच्या अल्फाल्फात (लसूणघासात) येऊन बसतात, तेव्हा चार कमी झाली तर बरंच. त्याची झोप उडालेली असते ती गवतामुळे. हिवाळ्यात गाईंना चरायला राखून ठेवलेलं माळरान ही त्याची बँकेतली ठेव. एका ठिणगीनं ती जाते, वर मैलोन् मैल कुंपणही जातं. २०१७च्या जुलैत गारफिल्ड काउंटीत जॉर्डनच्या पश्चिमेला लॉजपोल कॉम्प्लेक्स नावाचा वणवा भडकला. वीज पडून लागलेल्या आगी एकत्र आल्या आणि सुमारे २ लाख ७० हजार एकर रान गेलं. त्या वर्षी बाहेरगावाहून ट्रक भरभरून वैरण येत होती. गुरं जगली, पण त्यांना ठेवायला कुंपण नाही अशी अवस्था. तिकडच्या माणसाशी शिकारीबद्दल बोलायला लागलात की दुसऱ्या वाक्याला २०१७ निघतंच.

आणि थंडी पडली की धोका टळला, असंही समजू नका. २०२१ साली जुलैत गव्हर्नरांनी राज्यभर दुष्काळी आणीबाणी जाहीर केली होती. त्याच वर्षी हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेर संपला आणि लगेच, १ डिसेंबरच्या सुमारास, डेंटन नावाच्या छोट्या गावात वाऱ्यानं वणवा घुसला. दोन डझन घरं गेली, धान्याचे जुने लाकडी एलिव्हेटर (उंच कोठारं) गेले. डिसेंबरात! म्हणून "मी नोव्हेंबरात येतो, तेव्हा काही भीती नाही ना" असं फोनवर म्हणू नका. समोरचा हसेल किंवा फोन ठेवेल.

शिकाऱ्याकडून आग लागते ती बहुधा गाडीमुळे. शेकोटी आणि सिगारेट सगळ्यांच्या लक्षात असते, गाडी राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीखाली धुराच्या नळीतला, धूर स्वच्छ करणारा भाग) चालत्या गाडीत काहीशे अंश सेल्सिअस तापतो. गुडघाभर वाळल्या गवतात पिकअप उभी केली, खाली गवत टेकलं, की पुढचं सांगायला नको. इकडे चीटग्रास नावाचं बाहेरून आलेलं गवत माजलंय. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पिकून वाळतं आणि मग काडेपेटीचीच वाट बघत असतं. माझ्या ओळखीचे एक म्हातारे रँचर आहेत, ते कुणालाही आत सोडण्याआधी फाटकाशी गुडघे टेकून गाडीखाली वाकतात. स्किड प्लेटच्या (गाडीखालच्या संरक्षक पत्र्याच्या) वरच्या फटीत हात घालून अडकलेल्या काड्या ओढून काढतात आणि काही न बोलता बॉनेटवर ठेवतात. मूठभर निघाल्या तर ती गाडी फाटकाबाहेरच राहते. त्यामुळे घरून निघण्याआधी गाडीखालून पाण्याचा जोर मारून सगळं झटकून घ्या. ट्रेलर असेल तर लोंबती साखळी वर बांधा, रस्त्यावर घासून तिच्या ठिणग्या उडतात.

एवढं कळलं की फोनवर काय बोलायचं ते आपोआप ठरतं. मी साधारण असं बोलतो: "नमस्कार, मी अमुक, बिलिंग्जला असतो. रान किती वाळलंय त्याची कल्पना आहे, म्हणून नकार दिलात तरी समजून घेईन. गाडी काउंटी रोडवर, खडीवर ठेवीन आणि चालत येईन. आम्ही दोघंच असू, कुणी विडी-सिगारेट ओढत नाही. उजाडता येऊ आणि दुपारी बाराच्या आत बाहेर पडू. वारा असेल त्या दिवशी येणारच नाही." बस. एवढ्या बोलण्यात त्याच्या मनातल्या निम्म्या शंका तो विचारायच्या आत मिटतात. बारा वाजताची मर्यादा उगाच नाही. दुपारी ऊन वाढतं, हवेतला ओलावा उतरतो आणि वारा सुटतो. सरकारी जमिनींवर वणव्याच्या धोक्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागतात तेव्हाही चेनसॉसारखी यंत्रं दुपारी १ ते रात्री १ बंद ठेवायला सांगतात, आणि ठरलेल्या रस्त्यांखेरीज गाडी कुठेही घालता येत नाही. तुम्ही स्वतःहून त्याहून कडक नियम पाळतोय म्हटल्यावर समोरच्याचा सूर बदलतो.

'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवणं हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, असं माझं मत आहे. ही माणसं तोंडावर नकार द्यायला संकोचतात, अगदी आपल्या गावाकडच्यासारखी. तुम्ही गळ घातलीत तर "बघू, नंतर फोन करा" म्हणतील. ते नकारच असतं, पुन्हा फोन करू नका.

फोन केव्हा करायचा? वैरण कापणीच्या दिवसांत दुपारी नको. संध्याकाळी जेवणाच्या आधी किंवा नंतर, तेही आदल्या दिवशी नाही, काही आठवडे आधी. ऑक्टोबरात वासरं विकायला बाहेर काढतात, त्या आठवड्यात त्यांना कुणीच नको असतं. मालक कोण हे शोधायला राज्याचा कॅडॅस्ट्रल (जमीनमालकीचा) नकाशा फुकट आहे. ऑनएक्स हे ॲपही (मिझुलाच्याच कंपनीचं) बहुतेक शिकारी वापरतात. पण नकाशावर नाव कंपनीचं किंवा ट्रस्टचं असतं आणि जमीन कसतो दुसराच, तेव्हा आधी शेजाऱ्याला किंवा गावातल्या फीड स्टोअरमध्ये (पशुखाद्याच्या दुकानात) विचारलेलं बरं.

पाण्याबद्दल वेगळं विचारा. कोरड्या वर्षी स्टॉक टँकवर (गुरांच्या पाण्याच्या टाकीवर) दबा धरून बसलं की प्राणी हमखास येतात, विशेषतः प्रॉन्गहॉर्न (माळावरचा हरणासारखा प्राणी). धनुष्यबाणवाले तर तेच करतात. पण त्याच टाकीवर गाई अवलंबून असतात आणि माणसाचा वास लागला की त्या लांब उभ्या राहतात. पाणी टँकरनं आणून टाकी भरणाऱ्याला हे कसं वाटेल? फाटकांचंही तसंच. उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद. उघडं फाटक कुणी विसरलेलं नसतं, गुरांना पलीकडच्या पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं.

ओढ्याकाठी मेलेली व्हाइटटेल जातीची हरणं दिसली तर घाबरून जाऊ नका, पण फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्स खात्याला आणि मालकाला कळवा. उन्हाळा सरता सरता पाणी आटून चिखल उघडा पडतो, त्यात बारीक चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यामुळे ईएचडी नावाचा हरणांचा रोग पसरतो. असा फोन केलेला माणूस मालकाच्या लक्षात राहतो.

गोळ्यांबद्दल फार लोकांना माहीत नसतं. २०१३ साली अमेरिकन फॉरेस्ट सर्व्हिसच्या संशोधकांनी पोलादी पत्र्यावर गोळ्या झाडून प्रयोग केले. पोलादाचा भाग असलेल्या आणि भरीव तांब्याच्या गोळ्यांच्या तापलेल्या तुकड्यांनी वाळक्या पीट मॉसचा (दलदलीतल्या शेवाळाचा) चुरा सहज पेट घेत होता, शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांनी क्वचित. आता पंचाईत अशी की शिसं गरुडांच्या पोटात जातं म्हणून कितीतरी शिकारी तांब्याकडे वळलेत, मीही. मी तांबं सोडलं नाही. पण मागे खडक असेल तर गोळी झाडत नाही, आणि रायफलचा नेम जुळवायचा तो शहरातल्या रेंजवर, कुणाच्या रानात कधीच नाही. ट्रेसर (उडताना जळत जाणारी गोळी) आणि स्फोट होणारी टार्गेट्स हा तर बोलायचाही विषय नाही.

सोबत फावडं, अग्निशामक सिलिंडर आणि वीसेक लिटर पाणी ठेवा, पाठीवर घ्यायचा पंप मिळाला तर उत्तमच. आग दिसली तर आधी ९११, मग मालक. इथले अग्निशमन दल म्हणजे बहुतेक शेजारचेच रँचर, स्वयंसेवक. त्यांच्या पिकअपवर उन्हाळाभर पाण्याची टाकी चढवलेलीच असते आणि नांगरानं जाळरेषा काढायला ट्रॅक्टर तयार असतो. म्हणून त्यांना मिनिटं महत्त्वाची. कुठल्या कुंपणाजवळ, वारा कुठल्या दिशेला, एवढं सांगता आलं पाहिजे. फोनला रेंज नसते, तेव्हा ती कुठल्या टेकाडावर येते हे आत शिरतानाच बघून ठेवा. आणि निष्काळजीपणानं आग लागली तर नुकसान आणि विझवण्याचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो.

परवानगी मिळाली तरी ती हंगामभराची धरू नका. निघायच्या आदल्या रात्री एक मेसेज टाका: "उद्या येऊ का?" राष्ट्रीय हवामान खात्यानं रेड फ्लॅग वॉर्निंग (वणव्याला पोषक हवेचा इशारा) दिली असेल तर मेसेजही नको, घरीच बसा. चिठ्ठी घेतो म्हटलं ती यासाठीच. तीवर गाडी कुठे ठेवायची, कुठला भाग बंद, कितीला बाहेर, हे त्याच्याच अक्षरात असतं. मुलगा किंवा गडी फाटकावर भेटला तर दाखवता येते.

नकार मिळाला तर ब्लॉक मॅनेजमेंट बघा. मालकांनी शिकाऱ्यांसाठी खुल्या केलेल्या खासगी रानांचा हा कार्यक्रम १९८५पासून राज्य चालवतं, सुमारे ७० लाख एकर जमीन त्यात येते. काही ठिकाणी पेटीतल्या कागदावर स्वतःच नोंद करायची, काही ठिकाणी आधी फोन करून जागा घ्यायची. मात्र धोका वाढला की मालक हीही रानं बंद करू शकतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बीएलएमची (संघीय सरकारच्या जमीन खात्याची) आणि राज्याची जमीन आहेच, पण बुद्धिबळाच्या पटासारखी तुकड्या-तुकड्यांत. सार्वजनिक रस्त्यानं तिथे पोहोचता येतं का ते आधी तपासा.

शेवटी व्हिसाचं, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला संघीय कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी तुमच्या कामाचा एक: अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेला, चालू असलेला शिकारीचा परवाना जवळ असणं. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. मोंटानाचं परवान्याचं वर्ष १ मार्चला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपतं, आणि परवाना संपला की ही सवलतही संपते, बंदूक कपाटात असली तरी. मित्राची उसनी घेतली तरी हाच नियम. शिवाय स्थानिक रहिवाशाच्या दरात परवाना मिळायला सलग १८० दिवस राज्यात राहिलेलं असावं लागतं, तेव्हा तारखा मोजून घ्या. बंदूक घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला, आणि रँचवाल्याला फोन त्यानंतर.