गुरूचा लाल डाग : स्क्रीनवर मधोमध, दुर्बिणीत गायब

तुम्ही लिहिलंय की सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, सोलापुरात विजापूर रोडवरची गच्ची आहे, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने सोमवारी रात्री नऊला गुरूच्या तबकडीवर लाल डाग मधोमध दाखवला, आणि सलग तीन रात्री नऊला पाहूनही नुसते पट्टेच दिसले. दुर्बीण विकायचा विचार सोडा. सहा इंचांत डाग दिसतो, मी स्वतः पाहिलाय.

आधी रोज नऊचा हट्ट सोडा. गुरूची स्वतःभोवतीची एक फेरी ९ तास ५५ मिनिटांची. सोमवारी नऊला मधोमध असलेला डाग मंगळवारी नऊला पलीकडच्या बाजूला असतो. पाच फेऱ्या म्हणजे ४९ तास ३८ मिनिटं, त्यामुळे बुधवारी तो १० वाजून ३८ मिनिटांनी मधोमध येणार. त्याच्या आधी-नंतर साधारण पाऊण-एक तास तो नीट दिसतो, पुढे कडेला जाऊन चपटा होतो.

आता सोमवार का हुकला? माझा संशय डागाच्या रेखांशावर, म्हणजे गुरूवरच्या त्याच्या जागेच्या आकड्यावर आहे. डाग म्हणजे ढगांतलं वादळ, ते सरकत राहतं. गेली काही वर्षं त्याचा रेखांश वर्षाला १५ ते २० अंशांनी वाढत आलाय. एका अंशाला सुमारे १.६५ मिनिटं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन वर्षांपूर्वीचा आकडा असेल तर ५० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे डाग ८० मिनिटं उशिरा! एफ४ दाबून सूर्यमालेच्या टॅबमध्ये जा, तिथे लाल डागाचा रेखांश बदलता येतो. त्याच टॅबमध्ये प्रकाशाच्या वेगाचा पर्याय चालू आहे का तेही पाहा. गुरूवरून प्रकाश यायला किमान अर्धा तास लागतो, तो धरला नाही तर वेळ तेवढीच चुकते.

ताजा आकडा मिळेपर्यंत स्वतः मोजा, आणि मिळाला तरी मोजा. डागाच्या दोन्ही बाजूंना तबकडीची कड सारख्या अंतरावर वाटली की घड्याळ बघून वहीत लिहा. मग स्क्रीनवर तीच वेळ येईपर्यंत रेखांश पुढे-मागे करा. दोन-तीन नोंदींत तुमचं सॉफ्टवेअर ताळ्यावर येतं. मला यातच खरा आनंद वाटतो.

डाग मधोमध यायची वेळ सोलापूर-पुण्याला एकच. डागाच्या वेळांचा तक्ता जागतिक वेळेत (यूटीसी) असेल तर साडेपाच तास मिळवा. त्या वेळी गुरू किती उंच असेल एवढंच आपल्या गावावर ठरतं, आणि त्यात आपण नशीबवान. १० जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला (गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो तेव्हा) गुरू मिथुनेत होता, रात्री साडेबाराच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर.

शहरातल्या दिव्यांची काळजी नको, गुरूला ते आडवे येत नाहीत. आपल्याकडे वैरी म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब, त्यावरच्या गरम हवेने चित्र थरथरतं. दुर्बीण तासभर आधी गच्चीवर काढून ठेवा, आणि अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी डाग मधोमध येईल अशी रात्र निवडा.

१२० ते १५० पट पुरे. न्यूटोनियनमध्ये चित्र उलटं, म्हणून गुरू दक्षिणेकडे असताना डाग वरच्या जाड पट्ट्याशी शोधा. लाल रंग शोधू नका, तो फिका असतो. पट्ट्याला पडलेली खाच आधी दिसेल, डाग त्या खाचेत बसलेला असतो.