आता तिकिटाचीही सबब नाही

ताई,
माझी आजी तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी चालवायची. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे चारला उठायची, संध्याकाळी हरिपाठ, एकही एकादशी चुकवली नाही. आजोबांनी २२ वाऱ्या केल्या. ते वारीत असताना गिरणी तीच बघायची. पहिल्या वर्षी पट्टा चढवताना तिचं बोट चेंगरलं, तरी दुसऱ्या दिवशी गिरणी चालू होती. आजोबा जाऊनही बरीच वर्षं झाली, पण ती स्वतः पंढरपूरला कधी गेली नाही. ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली तेव्हा हसून म्हणाली होती, "आता तिकिटाचीही सबब नाही." पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे. काकांना स्मरणिका काढायचीय आणि मुख्य लेख माझ्याकडे आहे. मी लिहिलंय की, सावता माळ्यांसारखं तिने कामातच पंढरपूर पाहिलं. वाचून सगळे रडले. गिरणी आता काकू बघते, तिलाही आवडला. मलाच तो खोटा वाटतो. आजी त्यात सापडत नाही. काय चुकतंय?
– धाकटी नात

पोरी,
लेख जरा बाजूला ठेव. ते तिकिटाचं वाक्य मला पुन्हा वाचू दे.

"तिकिटाचीही." त्यातला 'ही' तुला ऐकू आला नाही? बाकीच्या सबबी केव्हाच संपल्या होत्या. पोरं मोठी झाली, नातवंडं कमावती झाली, आजोबा गेले. तिकीट तेवढं उरलं होतं, तेही ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने माफ केलं. आणि तुझ्या आजींनी ते घरात सगळ्यांच्या देखत बोलून दाखवलं. जन्मभर काही न मागितलेली बाई याहून मोठ्याने काय मागणार? तुम्ही हसलात. (तू तसं लिहिलेलं नाहीस, पण हसलाच असाल.) त्यानंतरच्या आषाढ्या आल्या नि गेल्या, एसटीही स्टँडावरून रोज सुटत राहिली.

काका म्हणतील, अगं, तो विनोद होता. होताच. त्या पिढीच्या बायकांना अगदी खरं काही बोलायचं असलं की त्या विनोदच करतात.

सावता महाराजांना यात ओढू नकोस. अरणच्या मळ्यात राहून त्यांनी जे म्हटलं, ते स्वतःच्या तोंडाने म्हटलं. त्यांच्या भेटीला तर पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी आजही अरणला जाते. तुझ्या आजींकडे कोण आलं? 'कामातच पंढरपूर' हे शब्द त्यांनी कधी उच्चारले होते का? मला विचारशील तर ते आजोबांचे असावेत, पडशी खांद्याला लावून उंबऱ्यात उभं राहून म्हटलेले.

संतांची कथाच हवी असेल तर जनाबाईची घे. तिच्या जात्याला खुद्द विठ्ठलाने हात लावला म्हणतात. तुमच्या घरात तीन आठवडे गिरणीला हात लावायला एक माणूस निघाला नाही. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला पोचेपर्यंत साधारण तेवढेच दिवस जातात. २२ वाऱ्यांचे धर, सव्वा वर्ष झालं. सव्वा वर्ष एकट्या बाईने दळण तोललं, पट्टा चढवला, दगडाला टाकी लावून घेतली, पाऊस नुकता लागलेला, पोरं लहान. आणि 'वारकरी' हा शब्द लागला आजोबांच्या नावामागे. हे सव्वा वर्ष तुझ्या लेखात कुठे आहे? नाही ना. म्हणून तर तो घरात सगळ्यांना आवडला.

आजीचा फोटो घेऊन पंढरपूरला जाऊन येऊ का, असं पुढच्या पत्रात विचारशील. जा हवं तर. चंद्रभागेत पाय बुडव, बरं वाटेल. तुला वाटेल.

त्याआधी एक काम कर. गिरणी आता काकू बघते, हे तू अर्ध्या ओळीत उरकलंस. काका घरात नसताना तिला गाठ आणि विचार, काकू, तुला कुठे जायचंय? पंढरपूर असेल, बहिणीकडे असेल, समुद्रच बघायचा असेल. आधी ती "मला कुठं जायचंय" म्हणून हसेल. या वेळी तू हसू नकोस, उत्तर येईपर्यंत तिथेच बस. मग तारीख ठरव, रजा टाक आणि तेवढे दिवस गिरणीवर तू उभी राहा. स्मरणिका थांबेल.

गिरणी चालवता येत नाही म्हणशील. आजोबा पहिल्यांदा वारीला निघाले तेव्हा तुझ्या आजींनाही कुठे येत होती.