राहू की जाऊ?

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे असून वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रण विभागात मी ९ वर्षे काम करतो आहे. यंदा बढती माझ्याहून कनिष्ठ सहकाऱ्याला मिळाली. हैदराबादेहून अधिक पगाराचे बोलावणे आले आहे, पण घरी आई एकटीच असते. काय करावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ९ वर्षांनंतर असे डावलले जाणे मनाला लागणारच. तरीही ‘राहू की जाऊ’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवावा, कारण आपल्या हातात नेमके कोणते काम आहे आणि ते ५ वर्षांनी कोणाला हवे असेल, हे आधी ठरायला हवे.

आपण डिचोलीचे आहात, म्हणून आठवण देतो. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मधल्या काळात सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा खनिज वाहण्यासाठी कर्जाने घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या माणसांच्या कष्टांत काहीच उणे नव्हते. सारा संसार एकाच धंद्यावर विसंबला होता. आपली ९ वर्षेही एकाच वरिष्ठाच्या मर्जीवर विसंबून आहेत का, हे पाहावे.

एचपीएलसीवर, म्हणजे औषधातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, नमुने लावून आलेख वाचणे नवा पदवीधरही लवकर शिकतो. परंतु चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर गेला आणि बॅच अडकून पडली, की दोष यंत्राचा, नमुना तयार करणाऱ्याचा की उत्पादनाचा, हे शोधून तपासनीसांपुढे टिकेल असा अहवाल लिहिणारी माणसे थोडी असतात. केंद्राने २०२३ च्या अखेरीस अधिसूचित केलेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’मुळे, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाविषयीच्या नियमांमुळे, जोखीम व्यवस्थापन आणि नोंदींची शिस्त लहान कारखान्यांनाही बंधनकारक झाली असल्याने, या कामाची गरज वाढतच जाईल, असे माझे मत आहे.

तेव्हा अशा चौकशांचे काम वरिष्ठांकडे स्वतःहून मागावे आणि सहकाऱ्याची निवड कोणत्या कामामुळे झाली, हेही शांतपणे विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही उत्तरच समजावे. हैदराबादच्या लोकांना पगाराआधी कामाचे स्वरूप विचारा. तिथेही नमुनेच लावायचे असतील, तर वाढीव रक्कम खोलीभाड्यात आणि येण्याजाण्यात संपेल. चौकशी आणि ऑडिटचे काम मिळणार असेल, तर २-३ वर्षे जाऊन यावे. आईशी मात्र आजच बोलावे, कारण त्यांना काय वाटते, हे आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही.