शाळेने कळवलंय की मुलीचं वजन जास्त आहे. सासूबाई ऐकायला तयार नाहीत आणि नवऱ्याने तिचा भात बंद केलाय. मी काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: मुलगी आठ वर्षांची, उंची 126 सेंमी, वजन 33 किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीत ‘वजन जास्त’ असा शेरा आला. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं मूल आहे, दृष्ट लावू नका. मिस्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिचा रात्रीचा भात बंद केला. मी डॉक्टर नाही. गोव्यात, फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते आणि असे शेरे पालकांच्या हातात ठेवायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. तुमच्या सासूबाई आणि तुमचे मिस्टर, दोघंही मला दर पालकसभेला भेटतात म्हणा ना.

आधी आकडा बघू. 33 किलोला मीटरमधल्या उंचीच्या, म्हणजे 1.26 च्या वर्गाने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळजवळ 21 येतो. मोठ्या माणसाला 21 म्हणजे उत्तमच, म्हणून कितीतरी वडील मोबाईलवर हिशेब करून ‘नॉर्मल दाखवतंय बाई’ असं मला तोंडावर सांगतात. पण मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आणि मुलगा की मुलगी ते बघून तक्त्यावर वाचायचा असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, म्हणजे देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठीचे तक्ते 2015 साली सुधारून दिले, ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे असतात. आठव्या वर्षी 21 हा आकडा त्यात बराच वर जातो. तेव्हा शाळेचा काटा बिघडला होता का, यावर घरात वाद घालू नका.

सासूबाईंचं मला नवल वाटत नाही. त्यांच्या लहानपणी काळजी असायची ती हडकुळ्या पोराची. शिवाय घरचं मूल रोज डोळ्यांसमोर असलं की ते जाड झालंय हे दिसतच नाही. 2014 साली बऱ्याच देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. वजन जास्त असलेल्या मुलांच्या पालकांपैकी निम्म्यांना ते जास्त वाटतच नव्हतं, असं त्यात आढळलं. म्हणजे तुमच्याच घरात काही जगावेगळं चाललेलं नाही.

मला खरी भीती वाटते ती मिस्टरांच्या पद्धतीची. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचा पाव घरून असाच एकाएकी बंद झाला. डब्यात काकडीच्या चकत्या यायच्या. मधल्या सुट्टीत तो चकत्यांचा डबा झाकण लावून बाजूला ठेवायचा आणि शेजारच्यांच्या डब्यांतून हातात येईल ते भराभर तोंडात कोंबायचा, कुणी बघतंय का हे बघत. घरी त्याची धाकटी बहीण त्याच टेबलावर चॉकलेटचा स्प्रेड लावून पाव खायची. वजन तर उतरलं नाहीच, वर चोरून खायची सवय लागली.

म्हणून माझं स्पष्ट मत: हा विषय मोठ्यांचा आहे, तो मुलीच्या कानावर पडताच कामा नये. जाडी, डाएट, ‘एवढं खाऊ नकोस’ हे शब्द तिच्यासमोर बंद. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावच्या घरी गेलात की कुणीतरी आत्या सगळ्यांदेखत गाल ओढून बोलणारच. तिला आधीच फोन करून सांगा. आणि नेवऱ्या (करंज्या) सगळ्या मुलांना जशा मिळतील तशा हिलाही मिळू देत. काय शिजवायचं, काय विकत आणायचं आणि कधी खायचं हे तुम्ही ठरवा. ताटातलं किती खायचं ते तिच्यावर सोडा. ‘ताट साफ कर’ हा आग्रहसुद्धा नको, सासूबाईंना हे जरा गोडीने सांगावं लागेल.

भात परत सुरू करा. शीतकडीने, म्हणजे भात-आमटीने, कुणी जाड होत नाही. मी पालकांना दिवसभराचं सगळं लिहून काढायला सांगते, तेव्हा गडबड दोन जेवणांच्या मधल्या वेळात सापडते. सकाळी चहा आणि बिस्किटं, शाळेत पाव-भाजी, घरी आल्यावर भात-हुमण (माशाची आमटी), पाच वाजता ट्यूशनला जाताना चिप्सचं पाकीट, येताना गाड्यावरची भजी आणि परत रात्रीचं जेवण. वर फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकची मोठी बाटली असतेच. 300 मिली कोलामध्ये 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. ती बाटली घरात आणणं थांबवा, सगळ्यांसाठी, मिस्टरांसाठीही. संध्याकाळी पाच वाजता घरचंच काहीतरी पोटभर द्या: उकडलेलं अंडं, उसळ, नाहीतर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, एक उंडा (गोल पाव) आणि तोणाक (खोबऱ्याच्या वाटणाची रस्साभाजी). खेळायचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल सांगते. आपल्याकडे तो तास ट्यूशनने खाल्लाय. त्यातली एखादी ट्यूशन सोडली तरी आठ वर्षांच्या मुलीचं काही बिघडत नाही, हे मी शिक्षिका असून सांगते.

वजन कमी करायच्या मागे लागू नका. वाढतं वय आहे. वर्षभर ते 33 वरच राहिलं आणि उंची 6 सेंमी वाढली, तरी बीएमआय 19 वर येतो. मिस्टरांना हा हिशेब दाखवा, पुरुषांना हिशेब पटतो. काटा मात्र रोज नको, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

आता डॉक्टरकडे कधी जायचं ते. एका आईने मुलीच्या मानेवरचा काळा पट्टा चण्याचं पीठ आणि लिंबू लावून इतका घासला होता की कातडी सोलवटली होती. तो मळ नसतो. मानेवर, काखेत अशी काळी, मखमलीसारखी जाड त्वचा दिसली तर शरीरात साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. झोपेत मोठ्याने घोरणं, श्वास अडकणं, दिवसा पेंगणं हेही डॉक्टरांना सांगा. घरात मधुमेह असेल तर टाळाटाळ करूच नका. 2023 साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत मोठ्या माणसांमधल्या मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. सासूबाईंची स्वतःची गोळी चालू असेल तर त्यांना हे तुमच्याआधी कळेल.

‘थायरॉईड असेल’ हे तर प्रत्येक पालकाचं आवडतं उत्तर. जास्त खाण्याने वजन वाढलेली मुलं सहसा उंचीलाही बरी असतात. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीय, तेव्हा हार्मोनची शंका घ्यायची. तुमच्या मुलीची आजची उंची वयाला साजेशी आहे, पण दर वर्षी किती वाढली ते बघायला जुन्या नोंदी लागतात. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडे किंवा गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जाल तेव्हा लसीकरणाचं कार्ड आणि शाळेची मागची आरोग्यपत्रकं सोबत न्या. आणि डॉक्टरांशी वजनाचं बोलायचं तेव्हा मुलीला बाहेर आजीजवळ बसवा.