निपाणीच्या ताईंना: ते मित्र खरेच आहेत

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. मुलगा नववीत, गेल्या वर्षी ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. दिवसभर पुस्तकात डोकं, त्यातही किल्ले आणि घाटवाटा. वर्गात एकही मित्र नाही. आणि आता वाचणाऱ्या मुलांच्या एका ऑनलाइन गटात त्याला दोघे भेटलेत, एक नाशिकचा, एक बिदरचा. रोज रात्री त्यांच्याशी टाइप करत बसतो. घरचे म्हणतात मोबाईल काढून घ्या, म्हणजे पोरगं माणसांत येईल. ही मैत्री खरी मानायची का, आणि त्याला ‘खऱ्या’ मित्रांकडे कसं वळवायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही बेळगावात राहतो, माहेर खानापूर तालुक्यातलं. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून ठामपणे सांगते: ही मैत्री खरी आहे, त्याला तिच्यापासून कुठंही वळवायचं नाही. मोबाईल काढून घेतलात तर तो माणसांत येणार नाही, त्याच्याजवळ आहेत ती दोन माणसंही जातील.

आधी वाचनाचं बोलते, कारण मैत्रीचा उगम तिथंच आहे. आमची मुलगी शाळेत जायच्या आधीपासून बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचायची, मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही. बसमधली माणसं कौतुकानं बघायची. पण पाटीवर जे वाचलं त्याचा अर्थ विचारला की गप्प. काही ऑटिस्टिक मुलांत अक्षरं फार लवकर उलगडतात आणि अर्थ मागून येतो. याला हायपरलेक्सिया म्हणतात. १९६७ मध्ये सिल्बरबर्ग आडनावाच्या दोन अमेरिकन संशोधकांनी हे नाव वापरात आणलं. तुमच्या मुलाचं तसं आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण एक करून बघा. त्यानं वाचलेल्या पानावर ‘काय झालं’ असं न विचारता ‘तो असं का वागला असेल’ असं विचारा. उत्तर अडलं तर शिक्षकांना सांगा, कारण घडाघडा वाचणाऱ्या मुलाला सगळं समजतंच असं धरून चालतात आणि मग गणिताच्या शाब्दिक उदाहरणात तो अडला की आळशी ठरतो.

दुसरं, तुमच्या सासूबाई म्हणतात तसं तो ‘पुस्तकात लपत’ नाही. आमच्या घरीही हेच ऐकलंय. मुलगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायची तेव्हा मलाही काळजी वाटायची. मग तिनं एकदा स्वतःच सांगितलं, की गोष्टीत माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहिलेलं असतं, वर्गात ते कुठंच लिहिलेलं नसतं. माणसं कळावीत म्हणूनच ती वाचत होती. ऑटिस्टिक मुलांना फक्त माहितीची पुस्तकं आवडतात, कथा-कादंबऱ्या झेपत नाहीत, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. कथेत मागं जाऊन पान उलटता येतं, तोच प्रसंग हवा तितक्या वेळा बघता येतो. मधल्या सुट्टीत कुणी काय बोललं आणि सगळे का हसले, हे परत उलटून बघायची सोय नसते.

लिहून बोलण्यात हीच सोय आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, चेहरा आणि आवाजाचा चढउतार एकाच वेळी लावत बसायचं नाही, मागं पंखा आणि वर्गाचा गलका नाही. वाक्य आलं, वाचलं, दहा मिनिटांनी उत्तर दिलं तरी कुणी ‘काय रे, बहिरा झालास काय’ म्हणत नाही. तुमचा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून अंधाऱ्या खोलीत पडून राहतो असं तुम्ही लिहिलंय. दिवसभर चारचौघांसारखं दिसण्यासाठी जी ओढाताण करावी लागते तिचा तो थकवा आहे. रात्री टाइप करताना त्याला ती ओढाताण करावी लागत नाही. म्हणून तिथं तो बोलतो.

आता आमच्या घरातलं सांगते. मुलीला पावसाचं वेड आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पेपरात तालुक्याचे आकडे येतात, तेव्हा कणकुंबी, आमगाव, जांबोटी हे आकडे ती वहीत उतरवायची. मलप्रभा कणकुंबीला उगवते, त्यामुळं तिथला आकडा लाल शाईनं. अकरावीत असताना तिला कोकणातल्या लांज्याकडची एक मुलगी ऑनलाइन भेटली, तीही ऑटिस्टिक, तीही पाऊस मोजणारी. सरळ भिंतीची काचेची बरणी अंगणात ठेवून पट्टीनं मिलिमीटर बघायची. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून या दोघीही साडेआठलाच मोजणार. मग निरोप जायचा: ‘बेळगाव ८२.’ तिकडून: ‘इकडे ९६. रात्री वारा.’ झालं संभाषण. माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या, ‘पाऊस कशाला मोजूलीस गे, पडतोय तेवढा पडतोय की!’

मीही बराच काळ हे सगळं नुसत्या आकड्यांची देवाणघेवाण म्हणूनच बघत होते. एका सकाळी तिकडून आकडा आला नाही. दुपारी निरोप आला की आजोबा गेले. माझ्या मुलीनं विचार करून उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला दाखवलं: ‘तू आज मोजू नकोस. तुझ्या रकान्यात मी रेघ मारते. परत मोजशील तेव्हा तिथून पुढं लिहू.’ सांत्वनाचं एकही ठरलेलं वाक्य त्यात नव्हतं. बाराव्यापर्यंत रोज सकाळी साडेआठला तिनं आपला आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उत्तर नको.’ त्या मुलीच्या आईनं नंतर मला फोन केला. त्या दिवसांत घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी मुलगी बोलेना, पण साडेआठला मोबाईल हातात घेऊन बसायची, असं म्हणाल्या.

पुढच्या वर्षी त्या दोघी मायलेकी बेळगावला आल्या. आम्ही आयांनी चहा केला, आणलेला कुंदा काढला, आता पोरी बोलतील म्हणून वाट बघत बसलो. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना, मान खाली, आणि एकमेकींना मोबाईलवरच निरोप पाठवत होत्या. मधेच दोघी एकदम हसल्या. मी त्यांच्यात पडले नाही. तुमच्या मुलाचे मित्र उद्या घरी आले तर तुम्हीही पडू नका.

यावर अभ्यासही झालाय, घरच्यांना दाखवायला उपयोगी पडेल. डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही ही एकच बाजू झाली; इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. अडचण दोघांच्या मधे आहे, एकाच्या डोक्यात नाही. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि पहिल्याला सांगितलेली गोष्ट तोंडातोंडी शेवटच्यापर्यंत जाऊ दिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. पुढं २०२५ मध्ये याच विषयावर बराच मोठा प्रयोग झाला, त्यात मिश्र साखळ्याही मागं पडल्या नाहीत. म्हणजे तुमच्या मुलानं फक्त ऑटिस्टिक मुलांशीच मैत्री करावी असा अर्थ कुणी काढू नये. पण ऑटिस्टिक माणसं आपापसात बोलायला कमी पडतात, हे दोन्ही वेळा दिसलं नाही. आणि लांबून लिहून जुळलेली मैत्री काही मोबाईलनं आणलेली नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत ऑटिस्टिक माणसांनी स्वतःची पहिली संघटना उभी केली, ती पत्रमैत्रीतून ओळख झालेल्या मोजक्या लोकांनी.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. आपली मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, आणि फसवणारा माणूस गोड बोलूनच येतो. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा नियम इथं कुचकामी आहे, कारण महिनाभर बोलल्यावर मुलाच्या लेखी तो माणूस अनोळखी राहत नाही. नियम नेमके हवेत आणि कागदावर लिहिलेले हवेत. आमच्या फ्रिजवर असलेला कागद असा होता: शाळेचं नाव, घराचा पत्ता, फोटो, ओटीपी कुणालाही द्यायचं नाही, मित्रालाही नाही. पैसे मागितले की आईला सांगायचं. भेटायचं ठरलं तर आई किंवा बाबा बरोबर. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: कुणी ‘हे आईला सांगू नकोस’ म्हणालं, तर ते आईला सांगायचंच, आई रागावणार नाही. शेवटचे तीन शब्द पाळायची जबाबदारी तुमची. एकदा रागावलात की पुढचं काही कळणार नाही. आणि शक्य असेल तर त्या दोन मुलांच्या आईवडिलांशी एकदा फोनवर बोलून घ्या. काही वेडंवाकडं घडलंच तर पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८, हे दोन नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

रात्री जागून झोप बिघडते, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. पण वेळ ठरवा, अचानक हिसकावू नका. दहाला मोबाईल बाहेरच्या खोलीत, रोज, रविवारीही. हे आठवडाभर आधी सांगा आणि ‘मित्रांनाही कळव, दहानंतर उत्तर येणार नाही’ असं त्यालाच लिहू द्या. नाहीतर पलीकडचा मुलगा वाट बघत बसेल, आणि तुमचा मुलगा इकडं तळमळत. मार्क कमी पडले म्हणून, भावाशी भांडला म्हणून मोबाईल बंद, असं मात्र कधीही करू नका. थोरल्याला मार्क कमी पडले तर त्याच्या मित्राला तुम्ही दारातून परत पाठवता काय?

‘माणसांत मिसळ’ म्हणून त्याला गणपतीच्या मिरवणुकीत न्यायचं ठरलंय असं दिसतं. डॉल्बीसमोर उभं केल्यानं मैत्री होत नाही, कान मात्र दुखतात. त्याऐवजी ग्रंथालयात न्या. बेळगावला याल तेव्हा गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन या, १८४८ पासूनची संस्था आहे. तिथं शांत बसलेल्या मुलाला कुणी ‘गप्प का’ म्हणत नाही. आपल्या सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगावला ग्रामीण साहित्य संमेलनं भरतात, तीही चांगली. आम्ही मुलीला न्यायचो ते ग्रंथदिंडीचे ढोल-ताशे संपल्यावर, आणि आधी पुस्तकांच्या स्टॉलवर. स्टॉलवाल्याशी ती नकाशांबद्दल अर्धा तास बोलली होती, मी लांब उभी होते.

आता शाळेचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण नववी आहे, पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या सवलतींचा उल्लेख आहे. मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांवर कन्नड आणि इंग्रजीचं ओझं असतंच, त्यात ऑटिस्टिक मुलाची किती दमछाक होते ते तुम्ही बघताय. कन्नड त्याला आवडत असेल तर सूट घेऊ नका, आमच्या मुलीनं घेतली नाही, तिला लिपीच आवडायची. पण हक्क आहे हे मुख्याध्यापकांना माहीत असायला हवं. सवलतींच्या अर्जाला दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जोडावं लागतं, आणि ही कामं वेळ खातात, तेव्हा दहावीचे फॉर्म भरायची वाट बघू नका. तपासणीला धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत, गेलात तर आधीच सांगा की घरची भाषा मराठी आहे. आमच्या मुलीची पहिली तपासणी एका ठिकाणी पूर्ण कन्नडमधून झाली आणि कागदावर आलं, ‘प्रश्नांना प्रतिसाद देत नाही’. देणार कशी? परत मराठी समजणाऱ्या बाईंकडून करून घेतली तेव्हा चित्र वेगळं दिसलं.

त्याच्या नाशिकच्या मित्राला कोणता किल्ला आवडतो, हे आज संध्याकाळी त्याला विचारून बघा. उत्तर लांबलचक येईल, मधे तोडू नका. आणि निदानाचे कागद कोणत्या दवाखान्याचे आहेत, तपासणी कोणत्या भाषेत झाली, एवढं इथं लिहा. नाव-पत्ता झाकून. प्रमाणपत्राचा अर्ज कन्नडमध्ये हातात आला तर कुठल्या रकान्यात काय भरायचं ते मी मराठीत लिहून देते.